हरभऱ्याची मर: बुरशी झाडाला कशी फसवते आणि मातीतल्या जिवाणूंना कशी गप्प करते

रब्बीत हरभरा गुडघ्याखाली आला की नेवासा, शेवगाव, पाथर्डीपासून श्रीगोंदा, कर्जत, जामखेडपर्यंत एकच तक्रार ऐकू येते. परवापर्यंत हिरवंगार असलेलं झाड आज मान टाकून बसलेलं असतं. शेजारचं झाड मात्र ठणठणीत असतं. पाण्याचा ताण असेल म्हणून पाणी दिलं तरी झाड उठत नाही. मग कृषी सेवा केंद्रातून औषध आणायचं, पंप पाठीवर घ्यायचा आणि आळवणी करायची. आठ-दहा दिवसांनी पाहावं तर वाळलेलं ठिगळ आणखी मोठं झालेलं. त्यावर गावात ठरलेलं वाक्य असतं, "औषधच बोगस निघालं."

बऱ्याच वेळा औषध बोगस नसतं, वेळ निघून गेलेली असते. झाडाने मान टाकली त्या दिवशी रोग सुरू झालेला नसतो, तर तो शेवटच्या टप्प्यात आलेला असतो. त्याआधीचे काही आठवडे बुरशी मुळात बसून आपलं काम करत असते. ती झाडाला नुसतं खात नाही. झाडाचे निरोप बदलते, झाडाची संरक्षण यंत्रणा त्याच्यावरच उलटवते आणि मुळाभोवतीच्या उपयोगी जिवाणूंना गप्प बसवते. हे काम कसं चालतं ते समजलं, तर पैसा कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही हेही समजतं.

आधी ओळख: मर कोणती आणि कूज कोणती

हरभऱ्याचं झाड वाळलं की सगळे त्याला मरच म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळे रोग असतात आणि तिघांची बुरशी वेगळी असते. झाड अलगद उपटून, मुळावरची माती झटकून, धारदार ब्लेडने खोड आणि मूळ उभं चिरून पाहावं.

• मर रोग: झाडाचे शेंडे आणि देठ खाली झुकतात. मूळ बाहेरून चांगलं दिसतं, कुजलेलं नसतं. उभं चिरल्यावर मात्र मधोमध गडद तपकिरी किंवा काळी रेघ दिसते. बुरशीचं नाव फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम. रोपावस्थेत तीन-चार आठवड्यांतही येतो आणि फुलोरा-घाटे अवस्थेतही येतो.

• मानकूज: पेरणीनंतर लवकर येते. जमिनीलगत खोड कुजतं, त्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यासारखे गोल दाणे दिसतात. बुरशी स्क्लेरोशियम रोल्फसी. अर्धवट कुजलेला काडीकचरा आणि जास्त ओल असली की ती जोर धरते.

• कोरडी मूळकूज: फुलोरा आणि घाटे भरताना, उष्णता वाढल्यावर आणि जमिनीत ओल कमी झाल्यावर येते. पानं गवताच्या रंगाची पिवळी होतात. सोटमूळ ठिसूळ होऊन उपटताना मोडतं आणि त्याची साल निघते. ही बुरशी आणि रब्बी ज्वारीवर खडखड्या आणणारी बुरशी एकच, मॅक्रोफोमिना.

पुढची माहिती मुख्यतः पहिल्या रोगाची, म्हणजे फ्युजॅरियमच्या मरीची आहे.

बुरशीला मूळ सापडतं कसं

ही बुरशी जमिनीत जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपात झोपून राहते. हरभरा नसतानाही ती सुमारे सहा वर्षं जिवंत राहू शकते. हरभऱ्याचं मूळ जवळून गेलं की मुळातून पाझरणाऱ्या साखरा आणि इतर पदार्थांमुळे बीजाणू जागा होतो आणि त्याला धागा फुटतो.

धागा कोणत्या दिशेला वाढायचं ते कसं ठरवतो? स्पेनमधील कोर्दोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये टोमॅटोवरील फ्युजॅरियमवर याचं उत्तर दिलं. मुळातून पेरॉक्सिडेज नावाची विकरं बाहेर पडतात. वाढ आणि संरक्षण यासाठी ती झाडाला लागतातच. बुरशी त्यांचाच माग काढत मुळाकडे वळते. म्हणजे घराला लावलेल्या दिव्याच्या उजेडातच चोराला दार दिसावं, तसा हा प्रकार आहे.

मुळाशी पोहोचल्यावर दुसरा डाव सुरू होतो. झाडं 'राल्फ' नावाचं एक छोटं प्रथिन वापरतात. मुळाच्या पेशींची वाढ आणि पेशीबाहेरचा सामू यांचं नियंत्रण करण्यासाठी तो झाडाचा आतला निरोप असतो. त्याच विद्यापीठातील संशोधनातून 2016 मध्ये असं दिसलं, की फ्युजॅरियमकडे या निरोपाची हुबेहूब नक्कल आहे. बुरशी हा खोटा निरोप सोडते, मुळाभोवतीचा सामू वाढतो आणि वाढलेल्या सामूत बुरशीची घुसण्याची ताकद वाढते. हा खोटा निरोप तयार करणारं जनुक काढून टाकलं तर बुरशी तितका रोग करू शकली नाही आणि झाडाने जोरदार प्रतिकार केला.

झाडाचीच यंत्रणा झाडावर उलटते

मुळात शिरल्यावर बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांत जाते. ठिबकच्या लॅटरलसारख्या या नळ्यांतून पाणी आणि अन्नद्रव्यं शेंड्यापर्यंत चढतात. बुरशीचे बीजाणू त्याच पाण्याबरोबर वर सरकतात.

झाड गप्प बसत नाही. शत्रू पुढे जाऊ नये म्हणून ते नळ्यांमध्ये डिंकासारखा पदार्थ सोडतं. शेजारच्या पेशी फुगून नळीत शिरतात आणि बूच मारतात. थोड्या नळ्या बंद झाल्या आणि बुरशी तिथेच अडकली तर झाड वाचतं. पण बुरशी बुचाच्या पुढे निघून गेली तर झाड एकामागून एक नळ्या बंद करत सुटतं. शेवटी बुरशीचे धागे आणि झाडाची बुचं मिळून पाण्याचा रस्ताच बंद होतो. चिरल्यावर दिसणारी काळी रेघ ती हीच. म्हणूनच जमिनीत वाफसा असूनही झाड तहानेने मरतं आणि वरून कितीही पाणी दिलं तरी ते शेंड्याला पोहोचत नाही.

या नळ्यांत बुरशी काही खास प्रथिनं सोडते. त्यातली काही झाडाचा प्रतिकार दाबतात. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या रसात अशी प्रथिनं शोधून काढली. पुढे 2010 मध्ये एक गोष्ट जगासमोर आली. रोग करण्याची ही हत्यारं बुरशीच्या एका जादा गुणसूत्रावर एकत्र असतात, आणि ते गुणसूत्र एका बुरशीतून दुसरीत जाऊ शकतं. प्रयोगशाळेत निरुपद्रवी फ्युजॅरियममध्ये ते गेलं, तेव्हा तीही टोमॅटोवर रोग करू लागली.

शेतात याचा अर्थ असा, की जमिनीत फ्युजॅरियम आहे म्हणजे रोग आहेच असं नाही. बरीच फ्युजॅरियम निरुपद्रवी असतात. रोग करणारीचंही पीक ठरलेलं असतं. हरभऱ्याची बुरशी टोमॅटोला मर आणत नाही आणि तुरीची मर आणणारी बुरशी वेगळीच असते. पण एक खोच आहे. हरभऱ्याची मर आणणारी बुरशी तूर, वाटाणा आणि मसूर यांच्या मुळांत कोणतंही लक्षण न दाखवता मुक्काम करू शकते. त्यामुळे हरभऱ्यानंतर तूर घेतली म्हणजे बेवड झाला असं समजून चालत नाही.

मातीतल्या जिवाणूंवर दडपशाही

मुळाभोवतीच्या मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. त्यात बॅसिलस, स्युडोमोनास, ट्रायकोडर्मा, रायझोबियम असे शेतकऱ्याच्या कामाचे जीवही असतात. रोगकारक बुरशीला झाडाइतकाच यांचाही सामना करावा लागतो. तिथेही ती डाव टाकते.

स्युडोमोनास हा जिवाणू बुरशीला मारणारं एक प्रतिजैविक तयार करतो. फ्युजॅरियम त्याला थेट मारत बसत नाही. ती फ्युजॅरिक आम्ल सोडते आणि त्यामुळे प्रतिजैविक बनवणारं स्युडोमोनासचं जनुकच मंदावतं. जिवाणू जिवंत राहतो, पण त्याचं हत्यार बंद पडतं.

ट्रायकोडर्माचीही हीच गत होऊ शकते. ही मित्रबुरशी काइटिनेज नावाच्या विकराने दुसऱ्या बुरशीची भिंत विरघळवते. गहू-मक्यावरील काही फ्युजॅरियम एक विष सोडतात आणि ट्रायकोडर्माचं ते विकर तयार करणारं जनुक दाबतात. बाटलीतलं ट्रायकोडर्मा चांगलं असूनही एका शेतात गुण देतं आणि दुसऱ्यात देत नाही, यामागे ओल, सेंद्रिय पदार्थ, औषधांची सरमिसळ अशी अनेक कारणं असतात. बुरशीचा हा प्रतिहल्ला त्यातलंच एक.

सगळ्यात स्पष्ट पुरावा 2020 मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या गटाने दिला. टोमॅटो आणि कपाशीवर मर आणणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीवर हे काम झालं. ही बुरशी एक प्रथिन सोडते. त्याचं जनुक तिने फार पूर्वी वनस्पतींकडूनच उचललेलं असावं, असं त्याच्या रचनेवरून दिसतं. हे प्रथिन झाडावरच्या ठराविक जिवाणूंना मारतं. जे जिवाणू बुरशीच्या वाटेत येतात, नेमके तेच कमी होतात. पुढच्या वर्षी त्याच गटाने आणखी एक प्रथिन दाखवलं. झाड मरायला लागलं की बुरशी ते सोडते आणि आपल्या विश्रांतीच्या गाठी बनवण्याच्या जागेतून इतर बुरशींना हुसकावते.

काही बुरशी जिवाणूंना मारण्याऐवजी कामाला लावतात. भाताच्या रोपांवर करपा आणणाऱ्या ऱ्हायझोपस बुरशीचं विष ती स्वतः बनवतच नाही. तिच्या धाग्यांच्या आत राहणारा जिवाणू ते बनवतो, हे 2005 मध्ये सिद्ध झालं.

जिल्ह्यातल्या इतर पिकांत हाच डाव

उसाची काणी: उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघतो तो प्रत्येक ऊस उत्पादकाने पाहिलेला असतो. तो चाबूक म्हणजे उसाचा वाढीचा कोंबच असतो. बुरशी कोंबात बसते आणि त्याला पानं-कांड्या बनवण्याऐवजी आपले बीजाणू धरणारा दांडा बनवायला लावते. बेटात गवतासारखे बारीक फुटवे येतात. चाबकावरचा पातळ पापुद्रा फाटला की काळी भुकटी वाऱ्याने लांब जाते. तिच्या जातभाईवर, म्हणजे मक्याच्या काणीवर, जर्मनीत 2011 मध्ये झालेल्या कामात दिसलं की ही बुरशी झाडाच्या पेशीत एक विकर सोडते आणि झाड संरक्षणासाठी ज्या कच्च्या मालातून सॅलिसिलिक आम्ल बनवतं तो माल दुसरीकडे वळवते.

बाजरीचा गोसावी: केवडा रोगात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो. फुलाच्या भागांना पान व्हायला लावणारा हा रोगकारक खरी बुरशी नसून पाणबुरशीच्या कुळातला आहे, पण डाव तोच. दाणे बनवायचं सोडून झाड रोगाला राहायला पानं बनवतं. ती पानं वाळून फाटली की त्यातले बीजाणू जमिनीत पडतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एचबी-3 हा संकरित वाण देशभर याच रोगाने मागे पडला.

डाळिंबाची मर: संगमनेर, राहाता, पारनेर भागातील डाळिंब बागांत झाडाची एखादी फांदी पिवळी पडते आणि पुढे पूर्ण झाड वाळतं. यात सिरॅटोसिस्टिस बुरशी प्रमुख आहे. खोड आडवं कापलं की लाकडात गडद करडे-तपकिरी पट्टे दिसतात. या कुळातल्या बुरशी पिकलेल्या फळासारखा वास सोडून किडे ओढतात आणि त्यांच्यामार्फत पसरतात. डाळिंबात खोडाला बारीक छिद्रं पाडणारा भुंगेरा आणि मर यांची जोडी म्हणूनच एकत्र तपासायची असते.

द्राक्षावरचं जीए: द्राक्ष बागायतदार मणी लांबवायला जे जीए वापरतात तेही बुरशीच्याच डावातून हाती आलं. भाताची रोपं उंच, फिकट आणि लुळी करणाऱ्या रोगाचा अभ्यास करताना जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं, की बुरशीने सोडलेल्या पदार्थानेच रोपं लांबतात. त्याला पुढे जिबरेलिन नाव मिळालं. झाडं स्वतःही हेच संप्रेरक बनवतात, हे नंतर कळलं.

मग उपाय कुठे करायचा

झाड सुकल्यावर केलेली आळवणी त्या झाडाला वाचवत नाही. बुरशी नळीच्या आत असते आणि नळी बंद झालेली असते. औषध शेंड्याला पोहोचायला जो रस्ता लागतो, तोच राहिलेला नसतो. म्हणून खर्च पेरणीआधी करावा.

1. वाण. मरीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रतिकारक वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विजय, दिग्विजय, फुले विक्रम आणि काबुलीत विराट असे मर प्रतिकारक वाण दिले आहेत. अशा झाडात बुरशी मुळात शिरली तरी वर फारशी पसरत नाही. मात्र या बुरशीच्या जगात आठ रेस नोंदलेल्या आहेत, त्यामुळे एकच वाण त्याच शेतात वर्षानुवर्षं ठेवून निर्धास्त राहू नये.

2. बियाणं. ही बुरशी बियांतूनही जाते. उशिरा मर लागलेल्या झाडालाही दाणे भरतात, पण ते हलके आणि सुरकुतलेले असतात. मर लागलेल्या शेतातलं घरचं बी ठेवलं तर चांगल्या रानातही रोग नेऊन पेरला जातो. बी ठेवायचंच असेल तर निरोगी पट्ट्यातलं, वेगळी मळणी करून ठेवावं.

3. बीजप्रक्रिया. एक किलो बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि त्यानंतर 10 किलो बियाण्याला हरभऱ्याच्या रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंड द्रावणातून चोळावं. बी सावलीत सुकवून लगेच पेरावं. उद्देश हा, की मुळाजवळची जागा शत्रूच्या आधी मित्राने धरावी. रासायनिक बुरशीनाशक वापरायचं असेल तर ते आधी लावावं आणि जिवाणू शेवटी. कार्बेन्डॅझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र करू नये, कारण कार्बेन्डॅझिमने ट्रायकोडर्माही मरतं.

4. जमीन. फ्रान्समधील शातोरेनार भागातली माती शास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. तिथे फ्युजॅरियम असूनही मर फारशी येत नाही. ती माती तापवून जीव मारले की हा गुण जातो, म्हणजे राखण करणारे मातीतले जीवच होते. निरुपद्रवी फ्युजॅरियम आणि स्युडोमोनास तिथे रोगकारक बुरशीला अन्न मिळू देत नाहीत. आपल्याकडेही ट्रायकोडर्मा कोरड्या, सेंद्रिय पदार्थ नसलेल्या रानात नुसतं फेकून काही होत नाही. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, वाढू देऊन मगच जमिनीत द्यावं. कच्चं शेणखत घालू नये, त्याने मानकुजीला आमंत्रण मिळतं.

5. फेरपालट. मर जास्त असलेल्या रानात निदान तीन-चार वर्षं हरभरा टाळून ज्वारी, गहू, कांदा अशी पिकं घ्यावीत. बीजाणू सहा वर्षं टिकत असल्याने फेरपालटाने रोग संपत नाही, पण त्याचं प्रमाण घटतं. तूर, वाटाणा, मसूर यांना यात फेरपालट धरू नये.

6. नांगरट आणि स्वच्छता. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्यावं. मेलेली झाडं मुळासकट उपटून शेताबाहेर जाळावीत. बांधावर किंवा उकिरड्यात टाकलेली झाडं पुढच्या वर्षी शेणखतातून परत रानात येतात. ठिगळ असलेल्या भागातून पाणी आणि अवजारं चांगल्या भागाकडे नेऊ नयेत.

7. ऊस, बाजरी, डाळिंब. उसात काणीमुक्त बेणं, बेण्याला गरम पाण्याची किंवा उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया, आणि काणी जास्त असेल तर खोडवा न ठेवणं हे महत्त्वाचं. चाबूक दिसताच त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून मगच कापावा आणि बेट खणून काढावं. बाजरीत प्रतिकारक वाण आणि मेटॅलॅक्झिल 35 एसडी 6 ग्रॅम प्रति किलो बीजप्रक्रिया, तर गोसावी झाड दिसताच उपटणं. डाळिंबात रोगमुक्त रोपं, आणि मेलेल्या झाडाच्या शेजारची झाडं ठीक दिसत असली तरी त्यांच्यावर आधी लक्ष देणं, कारण मुळांतून रोग तिकडेच सरकतो.

यंदा ज्यांच्या शेतात ठिगळं आहेत त्यांनी

सुकलेल्या झाडांवर पैसे घालू नयेत. आधी चार-पाच झाडं चिरून रोग नक्की करावा. शंका असेल तर मुळासकट ताजं झाड कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवावं. वाळलेलं किंवा प्लास्टिकच्या पिशवीत सडलेलं झाड नेल्यास निदान होत नाही. ठिगळं कुठे आणि केवढी आहेत ते वहीत नकाशा काढून लिहून ठेवावं. पुढच्या रब्बीत कोणत्या रानात हरभरा घ्यायचा, कोणत्यात ज्वारी, आणि कोणत्या पट्ट्यातलं बी अजिबात ठेवायचं नाही, हे त्या वहीवरूनच ठरवता येईल.